विश्लेषण : मुंबई-दिल्ली हवाई अंतर ११४० किलोमीटरच, मग विमानाला सव्वादोन तास का?

मुंबईहून दिल्लीला जाणारा प्रवासी तिकीट काढण्याआधी फोनवर दोन शहरांमधले हवाई अंतर शोधतो. उत्तर येते, सुमारे ११४० किलोमीटर. त्याच्याच खाली ‘उड्डाणाचा वेळ’ असतो. तो कुठे एक तास ४० मिनिटे, तर कुठे एक तास ५५ मिनिटे दाखवला जातो. तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या आसपासचा कालावधी छापलेला असतो. प्रत्यक्ष प्रवासात तिसराच अनुभव येतो. विमान २० मिनिटे उशिरा हलते आणि तरीही दिल्लीत उतरताना ‘नियोजित वेळेच्या आधी पोहोचल्या’ची आनंदाची घोषणा होते. उशिरा निघालेले विमान लवकर कसे पोहोचते? वैमानिकाने वेग वाढवला, असे बहुतेकांना वाटते. क्वचित तसे असतेही. पण बहुतेक वेळा ही किमया वेळापत्रकाची असते. आणि विमानाला उशीर झाला की जेवण कधी मिळणार, उड्डाण रद्द झाले तर भरपाई किती, हे प्रवाशाचे हक्कही त्याच वेळापत्रकाला बांधलेले आहेत.

हवाई अंतर मोजतात कसे?

दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन पृथ्वीच्या गोलावर त्यांच्यातली सर्वांत जवळची वाट काढली जाते. तिला ‘ग्रेट सर्कल’ अंतर म्हणतात. सपाट नकाशावर पट्टी ठेवून काढलेली रेषा आणि ही वाट एकच असेल असे नाही. मुंबई-न्यूयॉर्क विमानाचा मार्ग पडद्यावर उत्तरेकडे फुगलेल्या कमानीसारखा दिसतो. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला तर तोच सरळ असल्याचे कळते. मुंबई-दिल्लीसारख्या, जवळपास उत्तर-दक्षिण आणि तुलनेने छोट्या मार्गावर हा फरक नगण्य आहे. लोहमार्गाने मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली हे अंतर १३८० किलोमीटरच्या पुढे जाते, रस्त्याने साधारण १४००. म्हणजे आकाशातून अडीचशे किलोमीटर वाचतात.

वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक किलोमीटरमध्ये बोलत नाहीत. त्यांचे अंतर सागरी मैलांत असते. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. त्या हिशेबाने मुंबई-दिल्ली सुमारे ६१५ सागरी मैल आहे. हा आकडा विमानतळ हलवल्याशिवाय बदलत नाही. नवी मुंबईच्या विमानतळावरून मोजले तरी दिल्लीचे अंतर साधारण ११४० किलोमीटरच भरते, कारण तो विमानतळ दक्षिणेकडे असला तरी पूर्वेकडेही सरकलेला आहे.

अंतर भागिले वेग हे गणित का चुकते?

या मार्गावर बहुतांश विमाने एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ गटातली असतात. उंचीवर स्थिरावल्यावर त्यांचा वेग ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास असतो. ११४० भागिले ८३० म्हणजे एक तास २२ मिनिटे. फोनवर अंतर सांगणारी संकेतस्थळे साधारण हेच करतात. ती एक सरासरी वेग धरतात, चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवतात आणि आकडा देतात. तो आकडा अगदीच खोटा नसतो, पण कोणत्याही खऱ्या उड्डाणाचाही नसतो.

विमान ८३० च्या वेगाने धावपट्टी सोडत नाही. चढताना आणि उतरताना वेग बराच कमी असतो. शिवाय ते दिल्लीच्या दिशेने थेट उडी मारत नाही. वारा समुद्राकडून असेल तर मुंबईत विमाने पश्चिमेकडे उड्डाण घेतात, अरबी समुद्रावर जातात आणि मग वळसा घेऊन उत्तरेला लागतात. दिल्लीतही पूर्वेकडून की पश्चिमेकडून उतरायचे हे वारा ठरवतो आणि त्यानुसार शेवटची काही किलोमीटर वाढतात किंवा घटतात. मधल्या प्रवासातही विमान ठरवून दिलेल्या हवाई मार्गांवरून, नावे दिलेल्या बिंदूंमधून जाते. लष्करी सरावासाठी राखलेले आकाश टाळावे लागते. या सगळ्यांतून प्रत्यक्ष हवेत जाणारा वेळ साधारण एक तास ३५ मिनिटे ते एक तास ५० मिनिटे होतो.

अंतर जितके कमी, तितके हे गणित जास्त फसते. मुंबई ते गोव्याचे दाबोळी हे हवाई अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. नुसत्या भागाकाराने अर्धा तास येतो. वेळापत्रकात सव्वा तास किंवा त्याहून अधिक असतो. जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेला मोपा विमानतळ दाबोळीपेक्षा मुंबईला जवळपास ४० किलोमीटरने जवळ आहे, पण तिकिटावरच्या मिनिटांवरून ते ओळखणे कठीण. छोट्या मार्गावर आकाश थोडे आणि जमीनच जास्त असते.

तिकिटावर छापलेला वेळ कोणता?

तो उड्डाणाचा वेळ नसतो. तो असतो ‘ब्लॉक टाइम’. विमान उभे असताना त्याच्या चाकांना ठोकळे लावलेले असतात. घाटात एसटी थांबली की वाहक चाकामागे दगड सरकवतो, तसेच. ते ठोकळे काढून विमान जागेवरून हलते त्या क्षणापासून, दुसऱ्या विमानतळावर ते जागेवर येऊन थांबते आणि पुन्हा ठोकळे लागतात त्या क्षणापर्यंतचा काळ म्हणजे ब्लॉक टाइम. टर्मिनलपासून धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, तिथे इतर विमानांच्या मागे रांगेत उभे राहणे, उतरल्यावर पुन्हा टर्मिनलपर्यंत येणे हे सगळे त्यात येते.

ही रांगण्याची मिनिटे किरकोळ नाहीत. दिल्लीत चार धावपट्ट्या आहेत आणि विमानतळाचा पसारा प्रचंड आहे. तिसऱ्या धावपट्टीवर उतरून टर्मिनल १ कडे जाणाऱ्या विमानाला पूर्वी मोठा फेरा पडे. जुलै २०२३ मध्ये २.१ किलोमीटर लांबीचा उन्नत टॅक्सी मार्ग सुरू झाला. खालून रस्ता आणि वरून विमान, अशी ही व्यवस्था आहे. त्याने हा फेरा सुमारे सात किलोमीटरने कमी झाला. विमानासाठी सात किलोमीटर म्हणजे आकाशात अर्धे मिनिट. जमिनीवर तेवढ्यात चहा गार होतो.

मुंबईत अडचण कुठे आहे?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. व्यवहारात हा एकाच धावपट्टीचा विमानतळ आहे. चोहोबाजूंनी वस्तीने वेढलेल्या या जागेत समांतर धावपट्टी बांधायला वाव नाही. अशा एका धावपट्टीवरून गर्दीच्या तासाला ४६ उड्डाणे-अवतरणे करून दाखवणे ही तिथल्या नियंत्रकांची असामान्य कामगिरी आहे, यात शंका नाही. पण ताशी ४६ म्हणजे दर ७८ सेकंदांना एक विमान. एकाने धावपट्टी सोडायला अर्धे मिनिट जास्त घेतले तर मागची सगळी रांग सरकते.

ती रांग आकाशात लागते. विमानाला थांबता येत नाही, म्हणून ते ठरलेल्या बिंदूभोवती लांबट अंडाकृती फेऱ्या मारते. एक फेरी साधारण चार-पाच मिनिटांची. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयानेच याचा हिशेब जाहीर केला होता. मुंबईवर विमानांना ४० ते ६० मिनिटे घिरट्या घालाव्या लागत होत्या. विमान सरासरी तासाला दोन हजार किलो इंधन जाळते, हे धरले तर ४० मिनिटांत १.७ किलोलिटर आणि तासाभरात सुमारे २.५ किलोलिटर इंधन वाया जाते. त्या वेळच्या दराने ही रक्कम १.८ लाख ते २.६ लाख रुपये होत होती. याच कारणाने गर्दीच्या वेळेतली ताशी संख्या ४६ वरून ४४ आणि इतर काही तासांत ४४ वरून ४२ करण्याचे आदेश निघाले. विमाने कमी केली तर वेळ वाचतो, ही गोष्ट तेव्हा कागदावर आली. त्याआधी कंपन्यांनी तीच गोष्ट वेगळ्या मार्गाने हाताळली होती. त्यांनी वेळापत्रकातला प्रवास लांबवला.

हातची मिनिटे राखली तर बिघडले कुठे?

इंडियन एअरलाइन्सच्या काळात मुंबई-दिल्ली प्रवासाची वेळापत्रकातली वेळ दोन तासांच्या आसपास असे. विमाने तेव्हाही जेटच होती, वेगही जवळपास हाच. आज छापलेला वेळ त्याहून जास्त आहे. यात गर्दीचा वाटा खरा आहे. इंधन वाचवण्यासाठी थोडे हळू उडण्याच्या धोरणाचाही आहे. विमान कंपन्यांच्या खर्चात इंधन हा सर्वांत मोठा घटक असतो, त्यामुळे चार मिनिटे जास्त घेऊन इंधन कमी जाळणे परवडते.

पण उरलेली काही मिनिटे निव्वळ हातची राखलेली असतात. कंपनी मागच्या हंगामातल्या त्याच उड्डाणाच्या नोंदी काढते. समजा शंभरपैकी सत्तर वेळा विमान दोन तास १५ मिनिटांच्या आत पोहोचले, तर तेवढा वेळ छापला जातो. त्या सत्तरपैकी बऱ्याच फेऱ्यांना ‘वेळेआधी’ पोहोचल्याचे श्रेय मिळते. यात लबाडी नाही. थोडी सवलत ठेवल्याशिवाय वेळापत्रक चालत नाही. एकच विमान दिवसाला पाच-सहा फेऱ्या करते. सकाळच्या फेरीत बिघडलेली २० मिनिटे हातची नसतील तर संध्याकाळपर्यंत त्यांचे दोन तास होतात आणि त्याचा फटका भलत्याच शहरातल्या प्रवाशाला बसतो.

मुंबईकरांना हा प्रकार रेल्वेत चांगला परिचयाचा आहे. लांब पल्ल्याची गाडी मुंबईहून सुटताना सीएसएमटी ते दादर हे नऊ किलोमीटर साधारण १२-१३ मिनिटांत पार करते. येताना त्याच नऊ किलोमीटरना अनेक गाड्यांच्या वेळापत्रकात पंचवीस-तीस मिनिटे दिलेली असतात. वाटेत झालेला उशीर या शेवटच्या टप्प्यात धुऊन निघतो आणि नोंदवहीत गाडी वेळेवर लागते.

बिघडते ते इथेच, नोंदवहीत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय म्हणजे डीजीसीए दर महिन्याला कंपन्यांच्या वक्तशीरपणाची टक्केवारी जाहीर करते. पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर सहसा ‘वेळेवर’ धरण्याची जगभर पद्धत आहे. कंपन्या ही टक्केवारी जाहिरातीत मिरवतात. पण ती मोजली जाते कंपनीनेच ठरवलेल्या वेळेच्या तुलनेत. प्रवास दहा मिनिटांनी लांबवला की एकही विमान लवकर न पोहोचता टक्केवारी सुधारू शकते. परीक्षेचा पेपर विद्यार्थ्यानेच काढावा, असा हा प्रकार. प्रवाशाला कळायला हवे ते हे, की यंदा विमान मागच्या वर्षीपेक्षा लवकर पोहोचते की उशिरा. त्याचे उत्तर या टक्केवारीत सापडत नाही.

वेळेआधी पोहोचण्याचा फायदाही अनेकदा कागदावरच राहतो. वीस मिनिटे आधी उतरलेल्या विमानाची उभी राहण्याची जागा अजून दुसऱ्या विमानाने अडवलेली असते. मग प्रवासी खिडकीतून टर्मिनल बघत, पट्टे बांधून बसून राहतात.

वाऱ्याचे काय?

मुंबई-दिल्ली मार्गावर वाऱ्याचा परिणाम मर्यादित असतो, कारण उंचावरचे जोरदार वारे हिवाळ्यात मुख्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि हा मार्ग त्यांना आडवा छेदतो. मुंबई-कोलकाता मार्गावर मात्र तो स्पष्ट दिसतो. सुमारे १६६० किलोमीटरचे हेच अंतर पूर्वेकडे जाताना लवकर कापले जाते आणि परतताना जास्त वेळ लागतो. म्हणून ‘मुंबई-कोलकाता किती वेळ’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. जायचे वेगळे, यायचे वेगळे. जानेवारीचे वेगळे, जुलैचे वेगळे.

मिनिटे लांबली तर प्रवाशाच्या हक्काचे काय होते?

हा या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. उड्डाणाला उशीर झाला तर प्रवाशांना खाणेपिणे देण्याची जबाबदारी डीजीसीएच्या नियमांनी कंपन्यांवर टाकली आहे. ती किती उशिरानंतर लागू होते? ब्लॉक टाइम अडीच तासांपर्यंत असेल, तर दोन तास किंवा अधिक उशीर अपेक्षित असताना. ब्लॉक टाइम अडीच ते पाच तासांदरम्यान असेल, तर तीन तास. त्याहून मोठ्या प्रवासाला चार तास.

म्हणजे वेळापत्रकात प्रवास दोन तास २५ मिनिटांचा छापला असेल तर दोन तासांच्या उशिरावर जेवण मागता येते. तोच प्रवास दोन तास ३५ मिनिटांचा छापला तर प्रवाशाने आणखी तासभर उपाशी थांबायचे. अंतर तेच, विमान तेच, भूकही तीच. साडेतेराशे ते सोळाशे किलोमीटरच्या टप्प्यातले, मुंबई-चंडीगड किंवा पुणे-कोलकाता यांसारखे मार्ग या अडीच तासांच्या उंबरठ्याजवळ येतात. कंपन्या जेवणाचे पैसे वाचवायला वेळापत्रक लांबवतात, असे म्हणण्याचे कारण नाही. त्यामागची कारणे वर आलीच आहेत. पण परिणाम व्हायचा तो होतोच.

उलट बाजूही आहे. पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द केले तर द्यायची भरपाईही ब्लॉक टाइमवरच ठरते. तासाभरापर्यंतच्या प्रवासाला पाच हजार रुपये, एक ते दोन तासांच्या प्रवासाला साडेसात हजार, दोन तासांच्या वर दहा हजार. यातली प्रत्येक रक्कम आणि एका बाजूचे मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांपैकी जे कमी असेल ते मिळते. मुंबई-दिल्लीचा छापील वेळ दोन तासांच्या आत असता तर हा मार्ग साडेसात हजारांच्या पायरीवर बसला असता. तो लांबल्याने दहा हजारांच्या पायरीवर आहे. म्हणजे इथे लांबलेले वेळापत्रक प्रवाशाच्या पथ्यावर पडले. हक्क असा योगायोगाने वाढावा किंवा घटावा, हेच मुळात विचित्र आहे.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. नुसत्या उशिराबद्दल भारतात रोख भरपाई नाही. सहा तासांहून अधिक उशीर असेल तर पर्यायी उड्डाण किंवा पूर्ण परतावा यांतली निवड मिळते. आणि हवामान किंवा हवाई वाहतूक नियंत्रणामुळे झालेल्या खोळंब्यासाठी कंपनी भरपाई देणे लागत नाही. मुंबईवरच्या घिरट्या बहुतांशी याच खात्यात जातात.

हे दुसरीकडे कसे मोजतात?

युरोपीय संघाच्या २००४ च्या नियमात पायऱ्या जवळपास अशाच आहेत : दोन तास, तीन तास, चार तास. फरक एवढाच, की तिथे त्या वेळापत्रकाला नव्हे, अंतराला बांधल्या आहेत. दीड हजार किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांचा उशीर अपेक्षित असला की खाणेपिणे, त्यापुढे साडेतीन हजारांपर्यंत तीन तास आणि त्याहून लांबच्या उड्डाणाला चार तास. संघाच्या बाहेर जाणाऱ्या उड्डाणांसाठी रोख भरपाईही अंतरावरच ठरते : दीड हजार किलोमीटरपर्यंत २५० युरो, साडेतीन हजारांपर्यंत ४००, त्यापुढे ६००. अंतर कसे मोजायचे तेही नियमातच लिहिले आहे, ‘ग्रेट सर्कल’ पद्धतीने. म्हणजे फोनवर शोधल्यावर येतो तोच आकडा. कंपनीने वेळापत्रक कितीही ताणले तरी तो हलत नाही.

शिवाय तिथे भरपाईसाठी उशीर मोजला जातो तो पोहोचण्याचा, निघण्याचा नव्हे. विमान पोहोचले कधी म्हणायचे, यावरही वाद झाला आणि २०१४ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला : धावपट्टीला चाके टेकली तेव्हा नाही, विमानाचे दार उघडले आणि प्रवाशांना उतरता आले तेव्हा. या नियमांत बदल करण्याची चर्चा तिकडे सुरू आहे, पण पाया अंतराचाच आहे. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसहून मुंबईला येणाऱ्या प्रवाशालाही, कंपनी भारतीय असली तरी, हा नियम लागू होतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

अंतराचा आधार घेण्याचा आणखी एक फायदा सध्या दिसतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपले आकाश बंद केले. त्याआधी २०१९ मध्येही फेब्रुवारी ते जुलै असे झाले होते. बंदीच्या काळात दिल्लीहून युरोपकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना आधी दक्षिणेकडे येऊन अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागतो. प्रवास लांबतो, वेळापत्रक बदलते, पण दोन शहरांमधले अंतर आणि त्यावर बेतलेला हक्क तसाच राहतो.

अमेरिकेने वेगळा मार्ग धरला. तिथे १९८७ पासून मोठ्या कंपन्यांना देशांतर्गत उड्डाणांच्या वेळेवर-उशिराच्या नोंदी सरकारला द्याव्या लागतात. आज प्रत्येक उड्डाणाची छापील वेळ, प्रत्यक्ष वेळ, धावपट्टीपर्यंत रांगण्याची मिनिटे, हवेतली मिनिटे असे सगळे कोणालाही उतरवून घेता येते. कोणत्या मार्गावर किती मिनिटे हातची राखली आहेत, हे तिथे एखादा महाविद्यालयीन विद्यार्थीही काढू शकतो.

डीजीसीएला काय करता येईल?

नवा कायदा लागत नाही. वक्तशीरपणाच्या मासिक टक्केवारीशेजारी प्रत्येक प्रमुख मार्गाचा सरासरी छापील वेळ, प्रत्यक्ष ब्लॉक टाइम आणि हवेतला वेळ असे तीन स्तंभ वाढवले तरी पुरे. ही माहिती कंपन्यांकडे मिनिटांपर्यंत असते. वैमानिकांच्या कामाचे तास त्यावरूनच मोजले जातात. आणि खाण्यापिण्याची, भरपाईची पायरी ब्लॉक टाइमऐवजी अंतराला बांधावी. त्यासाठी नियमातला एक तक्ता बदलावा लागेल. अडीच तासांच्या जागी दीड हजार किलोमीटर लिहिले तर मुंबई-दिल्ली आणि मुंबई-चंडीगड कायमचे पहिल्या पायरीत जातात. पुणे-कोलकाता, सुमारे १५८० किलोमीटर, दुसऱ्या पायरीत जाईल आणि तिथल्या प्रवाशाला तीन तास थांबावे लागेल. हे त्याला आवडणार नाही, पण निदान दर हंगामात नियम बदलणार नाही. रेषा सोळाशेवर ओढायची की दीड हजारावर, यावर वाद घालता येईल.

कंपन्या म्हणतील, अंतर सारखे असले तरी विमाने सारखी नसतात. एटीआरसारखे पंखाचे विमान ताशी पाचशे किलोमीटरने जाते, त्याला जेटचा हिशेब कसा लावायचा? आक्षेप चुकीचा नाही. पण ही विमाने चालतात ती छोट्या मार्गांवर आणि ते मार्ग कोणत्याही हिशेबाने पहिल्याच पायरीत राहतात.

तोवर प्रवाशाने काय करावे? विमान कुठे आहे हे दाखवणाऱ्या अॅपवर एखाद्या उड्डाणाच्या मागच्या आठवड्याच्या नोंदी पाहता येतात. हवेत किती वेळ गेला आणि छापला किती होता, हे पाच मिनिटांत कळते. सकाळच्या पहिल्या फेऱ्यांत हातची मिनिटे सहसा जशीच्या तशी उरतात, संध्याकाळी संपलेली असतात. पुढे दुसरे विमान किंवा रेल्वे पकडायची असेल तर हिशेब छापील वेळेने करावा, फोनवरच्या ‘उड्डाणाच्या वेळे’ने नव्हे. आणि तिकिटाची प्रत जपून ठेवावी. त्यावरचे सुटण्याचे आणि पोहोचण्याचे आकडे हाच ब्लॉक टाइमचा प्रवाशाकडे असलेला पुरावा आहे.

डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईहून उड्डाणे सुरू झाली. तिथे दोन समांतर धावपट्ट्यांची योजना आहे. पहिल्या टप्प्यात एक वापरात आली. दोन विमानतळांमधले हवाई अंतर २५ किलोमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे वरचे आकाश दोघांना वाटून घ्यावे लागते. दिल्लीचे अंतर दोन्हीकडून सारखेच, ११४० किलोमीटर. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी लागू होते, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. तेव्हा दोन्ही विमानतळांवरून दिल्लीसाठी किती मिनिटे छापली आहेत, हे शेजारी ठेवून पाहता येते. त्यातली आकाशाची किती आणि हातची किती, हे मात्र डीजीसीएने तो तिसरा स्तंभ छापल्याशिवाय सर्वांना सहज कळणार नाही.